किल्ली कोणाच्या कमरेला

(माहितीपटाचं निवेदन, कंसात दृश्यं.)

(पहाट. वर्धा रोडमागची गल्ली. शटर वर जातं. मागे उड्डाणपुलाचे खांब.)

पाच वाजून दहा मिनिटं. शटर उघडलंय, गॅस आहे, नळाला पाणी आहे, घासलेले गंज, म्हणजे पातेली, पालथे पडलेत. सहा बायका उंबऱ्यावर बसून आहेत, कारण कोठीला कुलूप आहे. किल्ली अध्यक्षताईंच्या कमरेला, आणि अध्यक्षताई कॉटन मार्केटात पालकाच्या जुड्या उलटसुलट करून पाहताहेत.

नागपुरातला हा एक बचत गट. रोज १२० डबे. डब्यात चार पोळ्या, म्हणजे ४८० पोळ्या. एक किलो कणकेत साधारण तीस पोळ्या धरल्या तर १६ किलो कणीक आणि ती मळायला साडेनऊ लिटरच्या आसपास पाणी. तुरीची डाळ पाच किलो, तांदूळ दहा. दोघी लाटतात, दोघी शेकतात, तेव्हा कुठे अडीच तासांत पोळ्या होतात. साडेअकराला डबे गाडीत चढले पाहिजेत. कोठी उघडायला वीस मिनिटं उशीर झाला की तो उशीर शेवटी पोळ्यांवर निघतो. आच वाढते, काठ कच्चे राहतात. तक्रार पोळीची येते, कुलपाची कोणीच करत नाही.

(अध्यक्षताई स्कूटीवरून उतरतात. दोन्ही हातांत पिशव्या, खांद्याशी फोन.)

बाजार ताई करतात. डबेवाल्यांचे फोन ताई घेतात. भरणा, उसनवारी, सिलेंडरचा नंबर, गाडीवाल्याची मनधरणी, प्रोसिडिंग म्हणजे बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, हे सगळं त्यांच्याकडेच. सचिव आहे, कोषाध्यक्ष आहे, दोघींच्या सह्या बँकेत चालतात. तरी रोजचं उत्तर ठरलेलं: "मी नाही केलं त कोन करन?"

अशा बाईला आपल्याकडे मान आहे. आठ मार्चला शाल-श्रीफळ मिळतं, फ्लेक्सवर फोटो लागतो, खाली लिहितात ‘सुपरवुमन’. म्हणून या गटाच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणात खरोखरच्या सुपरवुमनची गोष्ट लावली. कार्टूनमधली.

(समाजभवन. खिडक्यांना चादरी. भिंतीवर पांढरं कापड. कोपऱ्यात कूलर.)

मे महिना. कूलर चालू ठेवला तर आवाज ऐकू येत नाही, बंद केला तर बसवत नाही. मार्ग एकच: चित्रफीत चार मिनिटांच्या वर न्यायची नाही, तेवढा वेळ कूलर बंद. मग कूलर चालू आणि चर्चा मोठ्या आवाजात. अख्खा चित्रपट लावला की दिवस करमणुकीत जातो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या लक्षात तेवढी मारामारी राहते. म्हणून तीनच तुकडे, प्रत्येक तुकडा दोनदा. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा मध्ये थांबवत.

पडद्यावरचा चित्रपट या चित्रीकरणात दिसणार नाही. दिसतील ते पाहणाऱ्यांचे चेहरे.

‘द इन्क्रेडिबल्स’. पिक्सारचा, २००४ चा, दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. हिंदीत तो ‘हम हैं लाजवाब’ नावाने आला, नायकाला शाहरुख खानचा आवाज होता. दुसरा भाग चौदा वर्षांनी, २०१८ मध्ये. त्यात हिंदीत हेलनला आवाज दिला काजोलने. ही हेलन पार म्हणजे इलॅस्टिगर्ल. नवरा, तीन मुलं, आणि रबरासारखं ताणणारं अंग.

(चेहरे. हसू. मग एकेक चेहरा गप्प होत जातो.)

पहिला तुकडा खरं तर चित्रपटात बराच नंतर येतो, इथे मुद्दाम आधी लावला. नवऱ्याला शोधायला हेलन खलनायकाच्या तळात शिरते. लांबलचक बोळ, आपोआप सरकणारी दारं. ती अंग लांबवत पुढे जाते आणि दारं मिटतात. पाय एका दाराआड, धड मधेच, हात पुढच्या दाराआड. पहारेकरी येतात आणि त्याच अवस्थेत ती त्यांच्याशी लढते. दृश्य विनोदी आहे. पहिल्या वेळी सगळ्या खळखळून हसल्या.

दुसऱ्या वेळी चित्र तिथेच थांबवलं आणि विचारलं: हिचा हात कुठे आहे? पाय कुठे? आता तुमच्या ताई सकाळी सात वाजता कुठे कुठे असतात ते सांगा.

कॅमेरा इथे अध्यक्षताईंवर थांबला आहे. त्या पदराने वारा घेताहेत.

ताणता येतं म्हणून ताणत राहायचं, तर जितकं लांब जाल तितक्या जास्त दारांत सापडाल. तिथे ती सुटते, कारण चित्रपट आहे. गटातली बाई अशी अडकते तेव्हा तिच्यासोबत १२० डबे अडकतात.

(जमिनीवर सतरंजी. रंगीत चिठ्ठ्या.)

मग चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच काम, तेही क्रियापदासकट. ‘बाजार’ लिहून चालत नाही. ‘आलू-कांदा निवडणे’ वेगळं, ‘पैसे चुकते करणे’ वेगळं, ‘रिक्षा ठरवणे’ वेगळं. ‘बाजार’ अशी मोघम चिठ्ठी केली की ती कोणी उचलत नाही, कारण आत किती कामं दडलीत ते दिसत नाही. चिठ्ठ्या लिहून झाल्या की ज्याचं काम त्याच्यापुढे ठेवायची. बोलायचं नाही. दहा मिनिटांत सतरंजीवर एक ढीग तयार होतो. कोणापुढे, ते सांगायला निवेदनाची गरज नाही.

(वरून घेतलेलं दृश्य: बारा बायका, बारा ढीग, एक मोठा.)

दुसरा तुकडा विमानाचा. तो नीट पाहण्यासारखा आहे, म्हणून त्याला जास्त वेळ दिला.

हेलन स्वतः विमान चालवते आहे. मागे दोन मुलं, न सांगता चढून बसलेली. बेटाजवळ येताच ती रेडिओवर स्वतःची ओळख सांगते: इंडिया गोल्फ नायनर नायनर. उत्तर येत नाही. ती पुन्हा सांगते. इंग्रजी रेडिओभाषेत नऊला ‘नायनर’ म्हणतात, कारण खरखरीत नाइन आणि फाइव्ह सारखेच ऐकू येतात. या स्वयंपाकघरात तोच घोळ सात आणि साठचा आहे. साठ डबे सांगितले होते, सात ऐकले गेले, मग गाडी दारात उभी आणि भात अर्धा. त्या दिवसापासून फोनवर साठला ‘सहा-शून्य’ म्हणायचं आणि समोरच्याकडून वदवून घ्यायचं असं ठरलं.

पुढे क्षेपणास्त्रं येतात. मोठ्या मुलीच्या, व्हायोलेटच्या अंगी संरक्षक कवच उभं करायची शक्ती आहे. हेलन तिला ओरडून सांगते, विमानाभोवती तुझं कवच उभं कर. मुलगी म्हणते, तूच तर सांगितलं होतंस की शक्ती वापरायच्या नाहीत. आई म्हणते, मी तेव्हा काय म्हटलं ते सोड, आत्ता काय सांगते आहे ते ऐक. मुलगी प्रयत्न करते. एवढं मोठं कवच तिने कधी केलेलं नाही, त्यामुळे होत नाही. विमान फुटतं.

इथे पुन्हा थांबवलं. चूक कोणाची?

बहुतेकींनी मुलीची सांगितली. पोट्टी घाबरली म्हणाल्या. मग मागून एक आवाज आला, टेपवर कूलरच्या घरघरीत जेमतेम ऐकू येणारा: "आधी कधी करू देल्लं व्हतं का तिले?"

बरोबर तिथेच दुखणं आहे. वर्षानुवर्षं जे काम करू दिलं नाही, ते विमान पडताना मागितलं. आपल्याकडे हे विमान म्हणजे लग्नसराई. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी ताई तापाने पडतात आणि सचिवाच्या हातात किल्ली येते. तिने आजवर कधी कणकेचा हिशेब धरलेला नसतो. कणीक सैल होते, पोळ्या चिकटतात, आणि सगळ्या म्हणतात, बघा, ताईंशिवाय जमतच नाही.

(संध्याकाळ. पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर.)

याच तुकड्यातलं पुढचं दृश्य गुहेतलं. विमान फुटताना हेलनने मुलांना अंगाखाली घेतलेलं असतं, मग स्वतःचं छत्र करून त्यांना समुद्रात उतरवलेलं असतं, स्वतः होडी होऊन किनाऱ्याला आणलेलं असतं. मुलगा पायांनी पाणी मारून तीच होडी चालवतो. ताणण्याचं कौतुक करायचंच तर इथे करा.

पण शिकण्याचं आहे ते किनाऱ्यावर. हेलनला नवऱ्याला शोधायला जायचं आहे. ती जबाबदारी नाव घेऊन देते: मी येईपर्यंत व्हायोलेट प्रमुख. धाकटा कुरकुरतो, तरी निर्णय बदलत नाही. त्यालाही काम मिळतं, त्याच्याच अंगातलं: काही झालं तर पळ, जमेल तितकं जोरात. आजवर त्या पोराला सगळ्यांनी हळू जा एवढंच सांगितलेलं असतं.

मुलगी मागे येते, विमानाबद्दल माफी मागायला. आई तिला बोलू देत नाही. दोष तुझा नाही, म्हणते, अचानक तुझ्याकडून एवढं मागणं हाच अन्याय होता. आधी स्वतःची चूक, स्पष्ट शब्दांत. त्यानंतर सांगते की आता दिवस बदलले आहेत, शंका घेत बसायला वेळ नाही. आणि शेवटी, तुझ्यात तुला वाटतं त्याहून जास्त आहे.

हा क्रम उलटा करून पाहा. तुझ्यात खूप आहे गं, पण परवा तू घोळ केलास. यानंतर कोणती बाई किल्ली घेईल? इथे जोड्या करून हाच क्रम बोलायला लावला. एका जोडीत अध्यक्षताई होत्या. "परवा मी तुले एकदम सांगितलं, माही चूक होती." एवढं म्हणायला त्यांना तीन वेळा सुरुवात करावी लागली. तिन्ही सुरुवाती टेपवर आहेत, आम्ही एकही कापलेली नाही.

(चिठ्ठ्या हातोहात जाताना. जवळून: एक चिठ्ठी परत मागे ओढली जाते.)

आता चिठ्ठ्या वाटायच्या. एका दिवशी एकीला एकच. चिठ्ठीच्या मागे चार गोष्टी लिहायच्या: काम काय, कधीपर्यंत, न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करायचा, आणि अडलं तर फोन कोणाला. या गटाने रक्कम ५०० ठरवली. रक्कम लिहिली नाही तर चिठ्ठीला अर्थ नाही, कारण मग कोथिंबिरीच्या जुडीसाठीही फोन येतो. कोथिंबीर म्हणजे इथला सांबार. बाहेरच्या पाहुण्यांनी गोंधळू नये.

सुरुवात मंगळवारी, कमी डब्यांच्या दिवशी. सणाला कधीच नाही. पहिल्या आठवड्यात दोघी मिळून काम. दुसऱ्या आठवड्यात ताई स्टुलावर बसणार, हात मांडीवर. तिसऱ्या आठवड्यात ताई त्या वेळेला स्वयंपाकघरात असणारच नाहीत. सगळ्यांत अवघड दुसरा आठवडा. बसलेल्या माणसाला कणीक सैल दिसते आणि हात आपोआप परातीकडे जातो. म्हणून नियम केला, हात लावायचा नाही, प्रश्न विचारायचा: पाणी किती घातलंस? उत्तर आलं की ते वहीत. चार दिवसांत वहीवर आकडा पक्का होतो, मग ती कणीक कोणाचीही असो, तीच होते.

काम दिलं पण किल्ली ठेवून घेतली, हा नेहमीचा घोटाळा. एकीने ताईंना तोंडावर विचारलं, "एवढा भरवसा हाये त किल्ली काऊन नाही देत?" किल्लीच्या तीन प्रती करायला लावल्या. खर्च फार नाही. गेली कित्येक वर्षं तो कोणाला सुचला नव्हता.

(हिशेबाची वही. दोन बोटं एकाच ओळीवर.)

तिसरा तुकडा दुसऱ्या भागातला. खलनायक पकडला गेला आहे, मेजवानी चालू आहे, सगळे हेलनची पाठ थोपटताहेत. ती मात्र स्वतःच्या पोशाखावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा पाहते, आणि तिला दिसतं की पकडलेल्या माणसाच्या खोलीतल्या एका पडद्यावर तिच्याच कॅमेऱ्याचं चित्र चालू होतं. म्हणजे पकडला तो खरा नव्हे. स्टॉल संपल्यावर फोटो काढून घरी जाणाऱ्या गटांनी हे पाहावं. गल्ल्यातले पैसे त्याच रात्री मोजायचे, दोघींनी. हेलन इथे चुकते ती एकाच बाबतीत: सापडलेली गोष्ट ती एकाच व्यक्तीला सांगते, आणि तीच खरी खलनायिका निघते.

पुढचे दोन महिने कॅमेरा तिथे नव्हता. डबे चालू आहेत, दोघी गट सोडून गेल्या, प्रोसिडिंग आता सचिव लिहिते.

(मेट्रो. खिडकीतून वर्धा रोड. खाली उड्डाणपूल, त्याच्याही खाली रस्ता.)

जुलै. उज्ज्वलनगरहून सीताबर्डीकडे जाणारी गाडी. खाली ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल. अध्यक्षताई बँकेत निघाल्या आहेत. सकाळचे दहा, म्हणजे स्वयंपाकघरात वरणाला फोडणी पडण्याची वेळ.

दुसऱ्या भागात हेलन मोठ्या मोहिमेच्या ऐन तोंडावर असताना घरून फोन येतो. मुलाला बूट सापडत नाहीत.

ताईंचा फोन वाजतो. पलीकडून गंजांचा आवाज आणि कोणीतरी मोठ्याने विचारतंय: सांबार संपला, किती आणू?

त्यांचा हात कमरेशी जातो. तिथे आता नुसताच पदर आहे.

"तुले काय वाट्टे?"

पलीकडे थोडा वेळ फोडणीचाच आवाज. मग, "सात जुड्या. सात, साठ नाही."

"आन मंग."