टोपीवरचा नंबर

नमस्कार, श्रोतेहो.

वॉटरपोलोचा, म्हणजे तलावात पोहत पोहत बॉल गोलात मारायच्या खेळाचा, सामना तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? दादरला शिवाजी पार्कजवळच्या तलावावर संध्याकाळी जाणाऱ्यांनी पाहिला असेल. 1951 साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, तेव्हा वॉटरपोलोचं सुवर्णपदक भारतानं जिंकलं होतं, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं. आज आपल्याकडे हा खेळ चांगला खेळणाऱ्याला क्रीडाकोट्यातून रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी लागली, तर घरचे पेढे वाटतात. अमेरिकेत या खेळावर कॉलेज मिळतं. ते कसं, हे मी गेल्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला बहिणीकडे राहून पाहिलं. माझ्या भाचीची दहावी तेव्हा नुकतीच संपत होती.

पहिल्याच रविवारी मला काम लागलं. तलावाच्या काठावर उभं राहून भाचीचा सामना फोनवर टिपायचा. मी आपला इमानेइतबारे बॉल जाईल तिकडे फोन फिरवत राहिलो. घरी आल्यावर भाचीनं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "मामा, बॉलमागे नको ना धावूस. माझ्यावर ठेव." मी म्हटलं, "अगं, पण तुझ्याकडे बॉल कुठे होता?" "म्हणूनच!" म्हणाली.

तेव्हा मला काही उमगलं नाही. मग हळूहळू उलगडत गेलं.

कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक गावोगाव फिरून मोती वेचतो, असं आपल्याला वाटतं. इथे मोत्यालाच शिंपल्यातून बाहेर येऊन हात वर करावा लागतो. कारण साधं आहे. कॅलिफोर्नियात शाळांतल्या मुलांच्या संघांचा वॉटरपोलोचा हंगाम आपल्याकडे पावसाळा संपताना, म्हणजे गणपती-दिवाळीच्या सुमारास असतो, आणि कॉलेजच्या पुरुष संघांचा हंगामही नेमका तेव्हाच. शाळेचा सामना बघायला प्रशिक्षक येणार कुठून? तो स्वतःच्या संघात अडकलेला. दक्षिण कॅलिफोर्नियात शाळांतल्या मुलींचे संघ हिवाळ्यात खेळतात आणि त्यांचा हंगाम संपत येतो तोवर कॉलेजच्या महिला संघांचा सुरू झालेला असतो. म्हणून शाळेपेक्षा क्लबला महत्त्व आलं. जुलैमध्ये ज्युनिअर ऑलिंपिक्स नावाची मोठी राष्ट्रीय क्लब स्पर्धा भरते. एकेका तलावावर सकाळपासून सामने चालू, आणि काठावर निरनिराळ्या कॉलेजांचे टी-शर्ट घातलेली माणसं हातात कागद घेऊन उभी. आईबाप त्यांच्याकडे चोरून बघत असतात. मीही बघायचो.

त्या कागदावर नाव नसतं, टोपीचा नंबर असतो. पाण्यात चेहरा ओळखू येत नाही. एका संघाच्या टोप्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या गडद, गोलकीपरची लाल. म्हणून मुलं आधीच ईमेल धाडून ठेवतात. नाव, शाळा कोणत्या वर्षी संपणार, संघात खेळायची जागा कुठली, उंची, हात पसरल्यावरची लांबी, शंभर आणि पाचशे यार्ड फ्रीस्टाइलची वेळ, शाळेतले मार्क, क्लबच्या प्रशिक्षकाचा फोन, आणि अमुक तलावावर अमुक वाजता अमुक नंबरची टोपी. सोबत तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ. ईमेल मुलीनं स्वतः लिहायचा. आईनं लिहिलेला प्रशिक्षकाला पहिल्या ओळीत कळतो म्हणे. आमच्या बहिणीला हे फार जड गेलं. ती आपली मागे उभी राहून व्याकरण तपासायची.

आणि हो, डावखुरं असणं हे इथे घबाड आहे. गोलाकडे तोंड केलं की उजव्या बाजूनं डावखुऱ्याला नेम धरायला सोपं जातं, त्यामुळे डावखुरी मुलगी म्हटली की प्रशिक्षकाचे कान टवकारतात. आमची आजी जेवताना ज्या हातावर फटका मारायची, तो हाच हात.

आता 15 जूनबद्दल. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांना, ज्यांना डिव्हिजन वन म्हणतात, दहावीनंतरच्या 15 जूनपर्यंत मुलांशी भरतीबद्दल बोलायला बंदी असते. तुम्ही पन्नास ईमेल पाठवा, फार तर शिबिराचं पत्रक येईल. आपल्याकडे त्याच सुमाराला दहावीच्या निकालानंतरची अकरावी प्रवेशाची धाकधूक असते, तशीच ही. फरक इतकाच की आपली यादी सगळ्यांना दिसते आणि इथे प्रत्येकाचा फोन वेगळा. 14 तारखेच्या रात्री भाची बारापर्यंत जागी. बारा वाजले. मैत्रिणींच्या ग्रुपवर एकीला मेसेज आला, दुसरीला आला. हिचा फोन गप्प. बहिणीनं गरम दूध केलं, ते तसंच सायीखाली गार झालं.

पैशांचं बोलू. "खेळाडू आहे म्हणजे फुकट शिकत असेल," असं पुण्यात मला चार जणांनी ऐकवलं. अनेक वर्षं नियम असा होता की पुरुषांच्या संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या आणि महिलांच्या संघाला आठ. संघात वीस-बावीस जण. मग प्रशिक्षक चकल्या मोडून वाटाव्यात तसे तुकडे करायचा: कुणाला पाव, कुणाला पुस्तकांपुरते, पुष्कळांना शून्य. 2025 च्या जूनमध्ये एका मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांपुरती ही मर्यादा गेली. त्याऐवजी संघात माणसं किती, यावर मर्यादा आली. पण हा पैसा आधी फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे धावतो. वॉटरपोलोच्या वाट्याला पंगतीच्या शेवटी जे उरेल ते. हार्वर्ड, प्रिन्स्टन, ब्राऊन यांचे संघ आहेत, पण तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. तिसऱ्या श्रेणीतही नाही.

मग लोक एवढे पहाटे साडेपाचला पाण्यात का उतरतात? प्रवेशासाठी. जिथे शंभरातले पाच-सहा जण आत जातात, तिथे प्रशिक्षकानं प्रवेश कार्यालयाला दिलेल्या यादीत नाव असणं, ही खरी शिष्यवृत्ती. मार्क मात्र लागतातच. प्रशिक्षक आधी गुणपत्रिका मागवून कार्यालयाला दाखवतो, तिथून मान हलली तरच पुढचं बोलणं.

ही वाट एवढी मोलाची, म्हणून तिच्यावर दलालही बसले. 2019 साली तिकडे प्रवेशांचा मोठा घोटाळा उघडकीला आला. त्यात लॉस एंजलिसचा एक उद्योजक होता. मुलगा कधी वॉटरपोलो खेळला नव्हता. बापानं ऑनलाइन बॉल आणि टोपी मागवली, घरच्या तलावात मुलाला उभं करून फोटो काढला आणि कारागिराकडून तो सामन्यातला वाटेल असा करून घेतला. गंमत म्हणजे दलालानंच हरकत घेतली की मुलगा फारच वर दिसतोय, एवढं पाण्याबाहेर कुणी येत नाही. बापाला पुढे चार महिन्यांची कैद झाली.

दलालाला तेवढं तरी कळत होतं. वॉटरपोलोत तळाला पाय टेकायची सोय नाही. खेळाडू पाण्यात बसल्यासारखा राहतो आणि दोन्ही पाय ताक घुसळणाऱ्या रवीसारखे, पण एकमेकांच्या उलट दिशेनं, फिरवत राहतो. त्यालाच एगबीटर म्हणतात. त्या पायांच्या जोरावर अंग वर येतं, आणि किती वर येतं, किती वेळ टिकतं, यात खेळाडूची सगळी कुंडली असते. गोल काय, शाळेच्या दुबळ्या संघाविरुद्ध कुणीही सात मारतो.

भाचीला पहिलं उत्तर 19 जूनला आलं. एका मध्यम कॉलेजच्या प्रशिक्षिकेचं, चार ओळींचं. व्हिडिओ पाहिला, गोल छान आहेत, शंभर यार्डांची आत्ताची वेळ कळव. आणि संघातली एक जण बाहेर काढली गेली असताना तू बचाव कशी करतेस, ते दिसेल असं काही आहे का?

गोलांचे तुकडे भाचीकडे ढीगभर होते, हा एकही नव्हता. मग पुढच्या रविवारी मी पुन्हा काठावर. तिसऱ्या डावात पांढऱ्या टोप्यांतली एक फाऊलची शिक्षा म्हणून काही सेकंदांसाठी बाहेर गेली. आता सहाजणींविरुद्ध पाच आणि मागे गोलकीपर. बॉल समोर डावीकडून उजवीकडे फिरत होता, माझी मान तिकडे वळत होती, पण फोन मी भाचीच्या 8 नंबरवर धरून ठेवला. दोन्ही हात वर, छाती पाण्याबाहेर, एकीकडून दुसरीकडे सरकतेय, पुन्हा परत येतेय. बॉल हातात एकदाही आला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं तेवढाच तुकडा कापून पाठवला. बहीण खांद्यावरून बघत म्हणाली, "अगं, यात तू काहीच करत नाहीयेस." भाचीनं लॅपटॉप मिटला, पहाटेचा गजर लावला आणि झोपायला गेली.