चौरस सेंटिमीटर

[पहाट. चौकात वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटतायत.]

छत्रपती संभाजीनगर, पहाटेचे साडेपाच. जालना रोड अजून मोकळा आहे. इथे फुटपाथवर मात्र पोरं उकिडवी बसून पेपरात पुरवण्या घालतायत. त्यांचे हात बघत राहावेत असे आहेत. एकही पोरगा खाली बघत नाही.

स्कूटीवरून उतरली ती मुलगी एका जनसंपर्क एजन्सीत, म्हणजे क्लायंटच्या बातम्या पेपरात आणून देणाऱ्या कंपनीत, काम करते. या माहितीपटात तिचं नाव सांगत नाही आणि चेहराही दाखवणार नाही. तिला अजून नोकरी करायचीय. घरी, परभणीकडे, कुणी विचारलं तर आई सांगते, "पेपरात हाय." आईचं काही चुकत नाही. पोरगी दिवसभर पेपरातच असते.

ती प्रत्येक पेपर एकेक उचलते. विक्रेता हिशेब मांडत नाही, पैसे महिन्याला मिळतात. ऑफिस दहाचं आहे. आत्ता पावणेसहा वाजलेत.

[खोली. फरशीवर पेपर, कात्री, गोंदाची कांडी, प्लास्टिकची पट्टी.]

याला कात्रण म्हणतात. क्लायंटच्या कालच्या कार्यक्रमाची बातमी कुठे आली ते आधी शोधायचं. सापडली की कापायची, कोऱ्या कागदावर चिकटवायची आणि वर पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक लिहायचा. मग पट्टी लावायची.

ही पट्टी जरा जवळून बघा. रुंदी आठ सेंटिमीटर, उंची साडेबारा, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर. त्याला त्या आवृत्तीच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं. तेवढ्यावर भागत नाही. लोक जाहिरातीपेक्षा बातमीवर जास्त विश्वास ठेवतात, म्हणून पुन्हा तिप्पट करायचं. तिप्पटच का, हे मीही कधी विचारलं नाही. या धंद्यात मी दोन वर्षं काढलीत. माझ्या वेळी गुणिले चार होतं.

जनसंपर्काच्या मोजमापावर काम करणारी जगभरची मंडळी २०१० साली बार्सिलोनात जमली होती. जाहिरातीच्या दराने बातमीची किंमत काढू नका, त्याला अर्थ नाही, असं तिथे ठरलं. तिथला ठराव जालना रोडला पोचायला वेळ लागतोय. महिन्याच्या शेवटी क्लायंटसमोर ही फाइल जाते, तिच्यावर एकच मोठा आकडा असतो आणि तो बघून बिल निघतं.

एक कात्रण तिरकं चिकटलंय. ती नखाने हळूच सोडवते आणि परत लावते. एजन्सीचे सर तिरकं चालवून घेत नाहीत.

[हॉटेलचा हॉल. पत्रकार परिषद.]

दुपारी बाराला पत्रकार परिषद आहे. क्लायंट बियाणांचा, जालन्याचा. बियाणं आणि पोलाद म्हटलं की जालनाच. मागचा फ्लेक्स रात्री अकराला छापून आला, त्यात एक वेलांटी चुकलेली होती, ती स्टिकर लावून झाकलीय. तुम्हाला दिसणार नाही. तिला मात्र आता दुसरं काहीच दिसत नाही.

दारात वही आहे. पत्रकाराने नाव, पेपर आणि नंबर लिहायचा. हातात लिफाफा द्यायचा, आत प्रेसनोट, फोटो आणि एक पेन. कचोरी आणि चहा शेवटी. आधी दिला तर हॉल रिकामा होतो, हे पहिल्याच महिन्यात कळतं. मालक बोलतात पंचवीस मिनिटं. तेवढा वेळ ही मागे भिंतीला टेकून उभी. फोनवर मोठ्या पेपरचा माणूस अजून का आला नाही, म्हणून विचारणा चाललीय. विचारणारे सर पहिल्या रांगेत बसलेत.

"येऊ लागलेत सर, खाली पार्किंगला हायेत." ते पार्किंगला नव्हते.

[संध्याकाळ. स्कूटी, सिग्नल, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या.]

प्रेसनोट व्हॉट्सॲपवर गेलीय, ई-मेलवर गेलीय, तरीही संध्याकाळी फेरी असतेच. डेस्कवर चेहरा दाखवला की बातमी आठवते. जिल्ह्यांची पानं छपाईला आधी सुटतात, शहराचं पान उशिरा, त्यामुळे बीड-परभणीची बातमी सातच्या आत टेबलावर हवी. आमच्या काळात श्रीलिपी फाँटमधली फाइल, कृतिदेव फाँटमधली फाइल, शिवाय छापील प्रत असं सगळं घेऊन फिरावं लागायचं, आणि एका कचेरीत उघडलेली फाइल दुसरीकडे चौकोन-चौकोन दिसायची. आता सगळीकडे उघडणारं युनिकोड आलं. फेरी मात्र गेली नाही.

या सिग्नलला ती स्कूटीवरच डबा उघडते. दोन घास.

[जिना. अर्धं शटर. खाली चहाची टपरी.]

ऑफिसात कॅमेरा नेऊ दिला नाही, म्हणून हा जिना आणि ही टपरी. पण कामाच्या ठिकाणाबद्दल लोक काय बोलतात ते ऐकायचं तर टपरीच बरी. वर सगळे "आपण एक कुटुंब आहोत" म्हणतात. वाढदिवसाला केक येतो, खरंच येतो, आणि सर स्वतः भरवतात. कुटुंबात हजेरीपट नसतो, इथे आहे तो अर्धाच. यायची वेळ लिहितात, जायची कुणी लिहीत नाही.

"महालक्ष्म्यांना गावाकडं जायचं म्हणले तर म्हणायलेत, बसवून ये अन् दुसऱ्या दिवशी ये. जेवणाच्याच दिवशी." हे हसत सांगितलं गेलं. टपरीवर सगळेच हसले.

दुसरा एक जण १७ सप्टेंबरचं सांगतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, मराठवाड्यात सुट्टी. सिद्धार्थ उद्यानात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ध्वजारोहण होतं, आणि तिथे कोणत्या क्लायंटचा फोटो कुणाशेजारी येईल यासाठी हे लोक सकाळी सहापासून उभे. १९४८ साली निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटला, त्याच्या शुभेच्छांचे बावीस डिझाइन याने आदल्या रात्री केले होते. मजकूर एकच, फोटो बावीस.

राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. मूळ कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, आणि वरच्या कामाला दुप्पट दर. टपरीवर हे वाचून दाखवलं तेव्हा एकाने चहा खाली ठेवला आणि विचारलं, "आपल्याला पण लागू हाय का?"

टपरीवर बोललेल्या चौघांपैकी दोघांनी चित्रीकरणानंतर नोकरी सोडली, एकाचा शेवटचा पगार अडकलाय.

[रात्र. उशाशी फोन. पडदा उजळतो, विझतो, उजळतो.]

बारा वाजून दोन मिनिटं. ग्रुपवर क्लायंटच्या वाढदिवसाची पोस्ट आली. खाली सरांचा अंगठा, मग सगळ्यांचे अंगठे. तिचाही.

[पहाट. तोच चौक.]

आज बियाणांची बातमी आहे. पान पाच, खाली, दोन कॉलम. ती स्कूटीच्या सीटवर पेपर पसरते. फोटो छापलाय, पण डावीकडून कापलाय. पाहुणे पूर्ण दिसतात. मालकांचा फक्त हात आलाय, पुष्पगुच्छ धरलेला.

ती पिशवीतून पट्टी काढते. फोन वाजायला लागतो.