व्यायामाचा महिन्याचा खर्च किती धरायचा?

नमस्कार श्रोतेहो. सकाळची वेळ आहे, कोणाचा चहा गॅसवर असेल, कोणी डबे भरत असेल, कोणी रिक्षात बसून ऐकत असेल, त्यामुळे सरळ विषयालाच हात घालते. परवा माझ्या धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितलंय की शुगर बॉर्डरला आहे, आता व्यायाम सुरू करा, मग तिने दिवसभर फोन फिरवले, जिमला विचारलं, झुंबाला विचारलं, योगाच्या क्लासला विचारलं, कोणी आठशे सांगितले, कोणी दीड हजार, एका ठिकाणी पर्सनल ट्रेनरसकट महिन्याला आठ हजार, आणि ती मला म्हणते, "ताई, तुम्ही पतसंस्थेत आकड्यांचंच काम करता, मला एवढंच सांगा, महिन्याला व्यायामावर किती खर्च केला म्हणजे बरोबर?"

मी तिला लगेच आकडा सांगितला नाही. आधी माझी हिशेबाची डायरी काढली. लग्नानंतर पहिल्या वर्षापासून मी घरखर्चाची डायरी लिहिते, दूध, किराणा, लाईटबिल, सगळ्याचे रकाने, आणि त्यात चार वर्षांपूर्वीचं एक पान आहे ते मला अजून टोचतं.

२०२२ चा जानेवारी. मला पंचेचाळिसावं लागलं होतं, जिने चढताना गुडघा बोलायला लागला होता. घराजवळच्या एका जिममध्ये नवीन वर्षाची ऑफर होती, महिन्याची फी अठराशे, पण एकदम वर्षाचे भरले तर चौदा हजार चारशे, म्हणजे महिन्याला बाराशेच पडतात असं तिथल्या मुलीने कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. मी दिवसभर लोकांना व्याजाचे हिशेब समजावते, तरी तिथे मान डोलावली आणि कार्ड दिलं. पहिले नऊ दिवस छान गेले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना, अगदी मोजून. मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं, मग मार्च एंड आला, आणि गेले तरी मशीन कसं वापरायचं हे कोणी नीट दाखवेना, कारण दाखवणाऱ्याची फी वेगळी होती. वर्ष संपल्यावर मी डायरीत मोजलं. बत्तीस दिवस गेले होते. चौदा हजार चारशे भागिले बत्तीस, एका दिवसाला साडेचारशे रुपये. ते बाराशे कुठेच नव्हते, मी एकेका खेपेला साडेचारशे मोजत होते.

मध्ये मी उरलेले पैसे मागायला गेले होते तेव्हा त्यांनी पावती उलटी करून दाखवली, मागे बारीक अक्षरात छापलेलं, फी परत मिळणार नाही आणि दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. सही माझीच. मी गप घरी आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर तेव्हा मला माहीत नव्हता, तुम्ही मात्र मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, पैसे अडकले तर निदान तक्रार नोंदवून तरी बघता येते.

तेव्हापासून मी व्यायामाच्या खर्चाकडे एकाच नजरेने बघते, दर खेपेला किती पडले. महिन्याची फी किती हे मी विचारतच नाही असं नाही, पण महिना संपला की किती दिवस गेले ते मोजते आणि फीला त्याने भागते. आता आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांची बॅच असते, सोमवार बुधवार शुक्रवार, सकाळी साडेसहा ते साडेसात, महिन्याला नऊशे रुपये. गेल्या महिन्यात मी बारा दिवस गेले, पंच्याहत्तर रुपये खेप. चपला घालून खाली उतरलं की पोचलं, त्यामुळे चुकत नाही, आणि हे चुकत नाही हेच त्या नऊशे रुपयांचं मोल आहे. जिथे जायला दोन सिग्नल आणि पार्किंग लागतं तो क्लास निम्म्या फीत मिळाला तरी शेवटी महागच पडतो.

आता शरीराला नक्की किती व्यायाम लागतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे मार्गदर्शन दिलंय त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भराभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आणि आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, पाय, पाठ, पोट, खांदे, हात, सगळ्यांना काम मिळेल असा. पासष्टच्या पुढच्यांना तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. हे नीट ऐकलंत तर लक्षात येईल की यातल्या चालण्याला रुपया लागत नाही. आम्ही सिंहगड रोडकडे राहतो, तळजाईला सकाळी जा, पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढा, कोण तिकीट मागतंय? ठाण्यात तलावपाळी आहे, कोल्हापुरात रंकाळा, दादरला शिवाजी पार्क, नागपूरला फुटाळा. बागांमध्ये ओपन जिम बसवलेत, हास्यक्लब भरतात. घरावर कर्ज असेल, हप्ते जेमतेम जात असतील, तर महिन्याचा खर्च शून्य धरा, अजिबात कमीपणा मानू नका, फक्त बूट चांगले घ्या.

मग पैसे द्यायचे कशाला? माझं सरळ मत आहे, पैसे शिकवणाऱ्याच्या नजरेसाठी द्यायचे. हे मी स्वतःच्या गुडघ्यावर शिकले. क्लासच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी मला बैठक मारायला सांगितली. मी दोनदा खाली वर झाले, मला वाटलं जमलं. बाई समोर येऊन उकिडव्या बसल्या, आपले दोन्ही तळवे माझ्या गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला टेकवले आणि म्हणाल्या, "आता माझे हात बाहेर ढकलत ढकलत खाली बस." मग मला कळलं की खाली बसताना माझे गुडघे आत पडत होते, सगळा भार तिथे येत होता. मागे एक लाकडी खुर्ची ठेवली, तिला जेमतेम टेकायचं आणि उठायचं, दहा वेळा. तीन महिन्यांत जिना चढताना गुडघा बोलायचा थांबला. सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही, दुखणं जुनं असेल तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओ, ते पैसे वाचवू नका. पण व्हिडिओ बघून करताना माझे गुडघे आत पडतायत हे मोबाईलला दिसत नव्हतं, बाईंना दिसलं. पर्सनल ट्रेनरचंही तसंच, परवडत असेल तर दोन महिने घ्या, वजन कसं उचलायचं ते शिकून घ्या आणि मग थांबवा, वर्षानुवर्षं कशाला?

माझं माहेर कोल्हापूर. आजोबा तरुणपणी गंगावेश तालमीत जायचे, ते सांगायचे की तालमीला द्यायचे पैसे थोडे, खरा खर्च खुराकाचा. दूध, तूप, बदाम घोटून केलेली थंडाई. मातीत कितीही घाम गाळ, ताटात नसेल तर अंगी लागत नाही, हे त्यांचं बोलणं मी लहानपणी शंभरदा ऐकलंय. संध्याकाळी गंगावेशीत म्हशी आणून समोर धार काढून देतात तो दूधकट्टा, तिथे ते आम्हा नातवंडांना न्यायचे, फेसाचा ग्लास हातात द्यायचे आणि आमचा पिऊन होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. आता आपण उलटं करतो, फी मोठी आणि ताट रिकामं. बायका तर सकाळी क्लास करून येतात आणि चहा पोळीवर अकरापर्यंत काढतात.

याच जाऊबाईंचा मुलगा जिमला जातो, वीस वर्षांचा आहे, हौशी आहे, कौतुक आहे मला त्याचं. तो महिन्याला तीन हजारांचा प्रोटीन पावडरचा एक किलोचा डबा आणतो. मी त्याच्यासोबत बसून हिशेब मांडला. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन. आठ रुपयाला अंडं धरलं तर तीन हजारात पावणेचारशे अंडी, म्हणजे सव्वादोन किलो प्रोटीन. आणि एक किलोच्या डब्यात साधारण पाऊण किलोच्या आसपास. पावडर वाईट असं मी म्हणत नाही, पण पैसे मोजकेच असतील तर आधी अंडी, आणि अंडी चालत नसतील त्यांना फुटाणे, शेंगदाणे, सोयाबीन, डाळी, दही. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, पुढच्या महिन्यात काय आणतो बघू.

तर आता जाऊबाईंना मी जो आकडा सांगितला तो तुम्हालाही सांगते. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, माझ्या डायरीतून आलेला आहे. घरात जेवढं महिन्याला येतं त्यातली एका दिवसाची कमाई व्यायामाला, घरातल्या सगळ्यांची मिळून. तीस हजार येत असतील तर हजार रुपये, पंचेचाळीस येत असतील तर दीड हजार, नव्वद असतील तर तीन हजार. खुराक यात धरायचा नाही, तो किराण्यात. बूट मात्र यातच, तीन हजारांचा जोड वर्षभर वापरला तर महिन्याला अडीचशे होतात, ते बाजूला काढून मग फीचं बघायचं. यापेक्षा जास्त लागत असेल तर कुठलंतरी दुसरं काम अडतं आणि दोन महिन्यांनी पहिली कात्री व्यायामालाच लागते, हे मी किती घरांत बघितलंय. अंथरूण पाहून पाय पसरावे तसंच हेही. आणि हप्त्यावर मेंबरशिप घेऊ नका, क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर व्यायाम नको, आपण जायचं थांबवलं तरी हप्ता थांबत नाही.

पैसे भरताना दोन चार गोष्टी बघा. एक दिवस ट्रायल मागा, आणि ज्या वेळी तुम्ही रोज जाणार त्याच वेळी जा, दुपारी तीनला रिकामं दिसणारं जिम संध्याकाळी सातला वेगळंच असतं. पहिले तीन महिने महिन्याचेच पैसे भरा, जरी महाग पडले तरी. तीन महिने सलग गेलात, खेपेचा हिशेब बरा निघाला, मग सहा महिन्यांचं खुशाल भरा. आजारपण आलं, गावाला जावं लागलं तर दिवस पुढे वाढवून देणार का ते पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको. आणि जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम, योगा वगैरेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. म्हणजे दहा हजारांच्या फीवर आधी अकरा हजार आठशे जायचे, आता दहा हजार पाचशे. पण काही ठिकाणी एकूण रक्कम तेवढीच सांगतात, तेव्हा मूळ फी किती आणि टॅक्स किती ते वेगळं विचारा, बिल मागा. सोसायटीत शिकवणाऱ्या छोट्या शिक्षकांची वर्षाची उलाढाल बहुतेक वेळा वीस लाखांच्या आत असते, त्यांना जीएसटीची नोंदणी लागत नाही, त्यामुळे त्यांनी तो लावायचाही नाही. टॅक्स लावला असेल तर बिलावर जीएसटी नंबर हवाच.

आता एक गोष्ट बोलायची आहे आणि ती मी मनापासून बोलतेय. मी पतसंस्थेत रोज कितीतरी घरांचे हिशेब बघते. मुलाच्या क्रिकेट कोचिंगला दोन हजार निघतात, मुलीच्या कथकला निघतात, साहेबांच्या जिमचे निघतात, निघावेतच. आईच्या नावापुढे काय असतं? गुडघ्याला लावायचा बाम. तिला विचारलं तर म्हणते मला कशाला क्लास, घरकामात होतोच की व्यायाम. नाही होत हो. ओट्यापाशी सहा तास उभं राहून पाय दुखतात, पायांची ताकद त्याने वाढत नाही. चाळिशीनंतर स्नायू कमी व्हायला लागतात, पाळी जाताना हाडं झपाट्याने झिजतात, आणि ताकदीचा व्यायाम तेव्हाच सर्वात जास्त लागतो, नेमका तेव्हाच बाई सगळ्यांचं करून शेवटी उरलेल्या पैशात आणि उरलेल्या वेळात स्वतःला बसवते. उरत काहीच नाही. म्हणून घरातल्या त्या एका दिवसाच्या कमाईतला पहिला हिस्सा आईचा काढा, मग बाकीच्यांचा. आणि पैशापेक्षाही तिला तो सकाळचा तास मोकळा द्या, डबा कोण भरणार ते आदल्या रात्रीच ठरवा.

जाऊबाईंच्या घरी पंचेचाळीस हजार येतात, म्हणजे दीड हजार. त्यातले बाराशे मुलाच्या जिमला आधीच जात होते, म्हणून फोनवर ती म्हणाली, "मग माझे तीनशेच उरले, मी आपली चालायला जाते." मी म्हणलं, थांब, पोराला विचार. तर त्या पोराने स्वतःच सांगितलं की मे महिन्यापर्यंत मी कॉलेजच्या जिममध्ये जातो, तिथे फी नाही, आईला क्लास लावा. तिच्या घराखालच्या गल्लीत आठशेचा योगाचा क्लास आहे, आठवड्यातून तीन दिवस, बाकीचे दिवस चालणं. मंगळवारी ट्रायलला जाऊन आली. संध्याकाळी मला डायरीचा फोटो पाठवला, किराणा आणि लाईटबिलाच्या मध्ये नवीन रकाना आखलेला, वर व्यायाम असं लिहिलेलं, आणि खाली पहिली खेप, पुढे एक टिकमार्क.