रॅपरच्या आधी ज्याचा फोन वाजतो

नमस्कार श्रोतेहो.

एखाद्या रॅपरची मासिकातली मुलाखत वाचताना आपल्याला तीन नावं दिसतात. गाणाऱ्याचं, मुलाखत घेणाऱ्याचं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत छायाचित्रकाराचं. चौथं नाव कुठेच छापलेलं नसतं. मुलाखत जुळवून कुणी आणली, पत्रकाराला चाळीसच मिनिटं मिळतील असं कुणी ठरवलं, कोर्टातल्या खटल्याचा विषय काढायचा नाही असं आधीच कुणी बजावलं, आणि मुलाखत चालू असताना मागे खुर्ची टाकून घड्याळाकडे कोण बघत होतं? ते हे चौथं माणूस. पब्लिसिस्ट. आज बोलायचंय ते ह्या मंडळींबद्दल, आणि तेही अमेरिकेतल्या हिप हॉपमधल्या, म्हणजे रॅपच्या दुनियेतल्या.

आधी एक घोटाळा दूर करू. पब्लिसिस्ट म्हणजे जाहिरात करणारा नव्हे. जाहिरातीत पैसे मोजून जागा विकत घेतात, मग त्या जागेत काय लिहायचं ते आपलं आपण ठरवायचं. रेडिओवर गाणं लागावं म्हणून स्टेशनांचे उंबरे झिजवणारा प्रमोटर, तोही वेगळा. पब्लिसिस्टच्या हातात विकत घेण्यासारखं काहीच नसतं. त्याला पत्रकाराच्या मनात आपल्या कलाकाराबद्दल उत्सुकता पेरायची असते, आणि ती उगवेलच अशी खात्री त्याला कधी देता येत नाही. ‘इतक्या पैशांत इतक्या बातम्या नक्की’ असं कुणी नव्या कलाकाराला सांगत असेल, तर त्या कलाकाराने पाकीट खिशात ठेवून निघावं. एक गंमत अशी, की बाहेरून नेमलेल्या पब्लिसिस्टची फी रेकॉर्ड कंपनी भरते खरी, पण अनेक करारांत ती पुढे कलाकाराच्याच कमाईतून वळती होते. आपला डंका आपल्याच पैशांनी वाजतोय हे त्या पोराला हिशेब हातात पडल्यावर कळतं.

हिप हॉपची पहिली प्रसिद्धी झाली ती हातांनी लिहिलेल्या कार्डांवर. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, १५२० सेजविक ॲव्हेन्यू ही इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. तिने इमारतीतला हॉल घेतला आणि रेकॉर्डी वाजवायला भावाला उभं केलं. तो भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क, ज्याला पुढे हिप हॉपचा जनक मानलं गेलं. आमंत्रणाच्या कार्डांवर प्रवेशाचा दरही होता: मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. इतिहास भावाचं नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण माणसं गोळा केली ती बहिणीने.

ही कार्डं गल्लीपुरती पुरत होती. वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरायचं तर वेगळा माणूस हवा होता. तो १९८४ साली आला. बिल ॲडलर हा पूर्वी बॉस्टनमध्ये वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणारा माणूस. रसेल सिमन्सने त्याला आपल्या रश ह्या कलाकार सांभाळणाऱ्या कंपनीच्या आणि डेफ जॅम ह्या रेकॉर्ड कंपनीच्या कारभारात प्रसिद्धीवर नेमलं. रन-डीएमसी, एलएल कूल जे, बीस्टी बॉइज, पब्लिक एनिमी ही सगळी रॅपर मंडळी त्याच्याकडे. अडचण अशी होती, की वर्तमानपत्रांच्या संगीताच्या टेबलांवर रॉकवर वाढलेली माणसं बसलेली. त्यांच्या लेखी रॅप म्हणजे तालावर बडबड, वर्षभरात विरून जाणारी. ॲडलर त्याच बिरादरीतून आलेला असल्यामुळे कुणाला काय ऐकवलं तर कान टवकारतील, हे त्याला ठाऊक होतं.

पत्रकारांना पाठवायचं त्या काळचं प्रेस किट डोळ्यांसमोर आणा. एक फोल्डर. त्यात आठ बाय दहा इंचांचा काळापांढरा चकचकीत फोटो, खाली पट्टीवर कलाकाराचं आणि कंपनीचं नाव. कलाकाराची ओळख सांगणारी एकदोन पानं. आधी छापून आलेल्या चांगल्या कात्रणांच्या झेरॉक्स. आणि बाजारात यायच्या अल्बमची कॅसेट. ही कॅसेट फार आधी पाठवावी लागे, कारण मासिकाचा अंक दोन-तीन महिने अगोदर बांधून होतो. आता ती कुणाच्या हाती पडेल आणि नकला होऊन फुटपाथवर कधी विकायला येईल, ह्याचा नेम नसे. म्हणून पुढे पुढे पत्रकारांनाच स्टुडिओत बोलावू लागले. फोन बाहेर ठेवा, आत बसा, अल्बम एकदा ऐका, वहीत काय लिहायचं ते लिहा आणि घरी जा. समीक्षा एका ऐकण्यावर लिहायची! मला हा पत्रकारावर अन्याय वाटतो, आणि गाण्यावर त्याहून मोठा.

पण ह्या कामाचा खरा कस लागतो तो वाईट बातमीत. जुलै १९८६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रन-डीएमसीने सांगितलं आणि हजारो पोरांनी आपले आदिदासचे बूट हातात उंच धरले. कंपनीची माणसं ते बघायला हजर होती. त्यातून मोठा करार झाला. प्रसिद्धीवाल्याला स्वप्नात पडावं असं दृश्य. आणि महिनाभरात, १७ ऑगस्टला, कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या कार्यक्रमात टोळ्यांची मारामारी झाली, चाळीसेक माणसं जखमी झाली. रन-डीएमसी अजून मंचावर आलेसुद्धा नव्हते. पण खापर फुटलं रॅपवर. अशा वेळी दारं लावून बसणं सोपं. रन-डीएमसीच्या मंडळींनी उलट केलं: टोळ्यांविरुद्ध उघडपणे बोलत राहिले, आणि त्याच शरद ऋतूत लॉस एंजेलिसच्या केडीएवाय रेडिओ स्टेशनवर शांततेचं आवाहन करायला रन-डीएमसी स्वतः बसले. गाण्याला गुन्हेगार ठरवणारे मथळे तेवढ्याने थांबले नाहीत, पण पत्रकाराला फोन करायला एक नंबर आणि लिहायला दुसरी बाजू तरी मिळाली.

त्याहून अवघड प्रसंग १९८९चा. पब्लिक एनिमीतल्या प्रोफेसर ग्रिफने वॉशिंग्टन टाइम्सचा पत्रकार डेव्हिड मिल्स ह्याला मुलाखत दिली आणि तीत ज्यूंबद्दल अत्यंत विखारी विधानं केली. मे महिन्यात ती छापून आली. सुरुवातीला फारशी खळबळ झाली नाही. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकाने विषय उचलल्यावर मात्र भडका उडाला. गटाची बाजू ज्याने सांभाळायची तो बिल ॲडलर स्वतः ज्यू. म्हणजे एका कानाला पत्रकारांचा फोन, आणि दुसरीकडे ज्यांचं काम मनापासून केलं त्यांच्यातलाच एकजण आपल्या समाजाला शिव्या घालतोय. २१ जूनला गटाचा म्होरक्या चक डी ह्याने पत्रकार परिषद घेऊन ग्रिफला काढल्याचं जाहीर केलं, मग गटाच्या भवितव्याबद्दल उलटसुलट घोषणा होत राहिल्या. सारवासारवीला मर्यादा असते ती इथे दिसते. बोलणाऱ्याला ते बोलायचंच होतं आणि लिहिणाऱ्याकडे ते टेपवर होतं. मधल्या माणसाने सांगायचं तरी काय? ‘चुकीचा अर्थ काढला’ ही प्रसिद्धिपत्रकातली सगळ्यात झिजलेली ओळ तिथे चालणारी नव्हती.

त्याच वर्षी उलटा प्रकार पश्चिम किनाऱ्यावर घडला. एफबीआयच्या मिल्ट अहलरिच ह्या अधिकाऱ्याने ऑगस्टमध्ये एन.डब्ल्यू.ए. गटाच्या वितरक कंपनीला, प्रायॉरिटी रेकॉर्ड्सला, पत्र धाडलं: पोलिसांविरुद्धच्या तुमच्या गाण्याने हिंसेला उत्तेजन मिळतं. भल्याभल्यांनी असं पत्र वकिलाकडे देऊन तोंड शिवून घेतलं असतं. ते गेलं वर्तमानपत्रांत. सरकारी खातं एका गाण्याला घाबरलं, ही बातमी कुठल्या पब्लिसिस्टने रचली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता.

मग हिप हॉपची स्वतःची नियतकालिकं उभी राहिली. द सोर्स १९८८ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी पत्रकासारखं सुरू केलं. व्हाइब १९९३ मध्ये आलं. आता रॉकवाल्यांची मनधरणी करायला नको, पण इथे नवीच जोखीम होती. भांडणावर अंक खपतो. १९९५ मध्ये पश्चिमेकडच्या तुपाक ह्या रॅपरने तुरुंगातून व्हाइबला मुलाखत दिली, पुढच्या एका अंकात दुसऱ्या बाजूने, म्हणजे न्यूयॉर्कच्या बिगी ह्या रॅपरच्या गोटाने, उत्तर दिलं, आणि पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा हे प्रकरण मुखपृष्ठावर चढलं. सप्टेंबर १९९६ मध्ये तुपाक गोळीबारात गेला, मार्च १९९७ मध्ये बिगीही तसाच. गोळ्या मासिकांनी झाडल्या नाहीत, हे खरं. तरी त्या दोन वर्षांचे अंक चाळताना हात जड होतो.

भांडण कसं बेताने चुलीवर ठेवायचं, हे दहा वर्षांनी कळलेलं दिसतं. ११ सप्टेंबर २००७ ला कान्ये वेस्ट आणि फिफ्टी सेंट, दोघा रॅपरांचे अल्बम एकाच दिवशी. कान्येचा जास्त खपला तर मी एकट्याचे अल्बम काढणं सोडेन, असं फिफ्टीने जाहीर केलं. पहिल्या आठवड्यात कान्येच्या सुमारे ९ लाख ५७ हजार प्रती गेल्या, फिफ्टीच्या ६ लाख ९१ हजार. फिफ्टीने काही सोडलं नाही. दोघांचंही भलं झालं.

आता कलाकाराच्या खिशातच छापखाना आहे. रात्री दोन वाजता तो मनात येईल ते लिहून मोकळा होतो, आणि पब्लिसिस्टला ते सकाळी इतरांकडून कळतं. पूर्वी बोलायला लावण्याचे पैसे मिळत. आता बऱ्याचदा न बोलू देण्याचे मिळतात.

आणि ॲडलरच्या त्या फोल्डरांचं काय झालं? त्याचा संग्रह न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात आहे: प्रसिद्धिपत्रकं, फोटो, कात्रणांचे गठ्ठे. १९८६ साली रॅपबद्दल लोक काय म्हणत होते हे शोधायला आज अभ्यासक तिथे जातात आणि खोकी उघडतात. बातमी छापून यावी म्हणून ज्याने फोन केले, त्यानेच ती कापून जपून ठेवली. त्याच्या कात्रीतून सुटलेलं काही असेल, तर ते दुसरीकडे कुठेतरी शोधावं लागेल.

नमस्कार.