तेलाची वाफ आणि गवंड्याची नळी

[दृश्य: पहाट. कपाशीच्या धुऱ्यावर सुरू असलेला ट्रॅक्टर. इंजिनाच्या बाजूच्या नळीतून निघणारी वाफ.]

ही वाफ सायलेन्सरची नाही. सायलेन्सर वर आहे. ही नळी इंजिनाच्या कुशीतून निघते आणि जमिनीकडे तोंड करून असते. तिच्या टोकाला तेलाचा थेंब लोंबकळतोय, बघा. ट्रॅक्टर नवा असतो तेव्हा हा थेंब दिवसाकाठी एखादा पडतो. इंजिन थकलं की त्याच नळीतून धूर भकाभका येतो, आणि शेतकरी म्हणतो, इंजिन बॅक मारू राह्यलं.

आज याच वाफेबद्दल बोलायचं आहे. फक्त इंजिन ट्रॅक्टरचं नाही, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, लावलेल्या पेट्रोल गाडीचं आहे. आणि काम झालंय परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका पत्र्याच्या शेडमध्ये.

[दृश्य: शेड. मळणीयंत्र, फवारणीचे पंप, भिंतीला टांगलेले पाने. मधोमध लाल गाडी, बोनेट उघडं.]

एरवी इथे ट्रॅक्टर येतात, मळणीयंत्रं येतात, मृगाच्या तोंडावर फवारणीचे पंप रांगेनं येतात. ही गाडी संत्र्याची बाग असलेल्या एका तरुणाची. बंद मैदानावर घड्याळ लावून होणाऱ्या शर्यतींत तो उतरतो. त्याने इंजिनाची सेटिंग बदलून टर्बोचा दाब वाढवून घेतला, मोठा इंटरकूलर, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणारा भाग, बसवला. ताकद वाढली. मग गाडीत बसलं की जळक्या तेलाचा वास यायला लागला, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेनं तेल पाझरायला लागलं, आणि एका फेरीनंतर बोनेट उघडलं तर ऑइलची पट्टी तिच्या नळीतून दोन बोटं वर उचललेली.

शहरातल्या एका गॅरेजनं त्यावर सोपा इलाज केला होता. टॅपेट कव्हरची नळी काढली, मॅनिफोल्डकडचं, म्हणजे सिलिंडरला हवा वाटणाऱ्या पाईपकडचं, तोंड बुच मारून बंद केलं आणि कव्हरवर हा छोटा लाल फिल्टर बसवून दिला. दिसायला शर्यतीच्या गाडीसारखा, पण आतली सगळी वाफ उघड्यावर. वास कमी तर झाला नाहीच, उलट वाढला.

[दृश्य: मिस्त्री ऑइल कॅप काढून तोंडावर तळहात धरतात.]

मिस्त्रींनी पहिल्यांदा केलं ते एवढंच. इंजिन आयडलवर, ऑइलची कॅप काढलेली, तिच्या तोंडावर तळहात. सिस्टीम नीट असती तर हात हलकेच आत ओढला गेला असता. इथे तळहाताला फू फू लागत होतं. हात बाजूला केला तेव्हा तेलाचं गोल वर्तुळ उमटलेलं होतं.

"भाऊ, याले श्वास बाहेर टाकाले जागाच नाई ठेवली," ते म्हणाले. "आंदी रिंगा पाहू. मंग बाकीचं."

हा क्रम महत्त्वाचा आहे. ठिणगी पडल्यावर सिलिंडरमध्ये जो दाब तयार होतो, तो गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तीसपटीहूनही जास्त असतो. पिस्टनच्या रिंगा तो अडवतात, पण रिंगेला तापल्यावर फुगायला फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीतून थोडा वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या कप्प्यात, सटकतोच. अगदी कोऱ्या इंजिनातही. टर्बोचा दाब वाढवला की हे सटकणं वाढतं. शर्यतीसाठी बांधलेल्या इंजिनात तर रिंगेची फट मुद्दाम जास्त ठेवतात, कारण तिथे उष्णता जास्त असते आणि रिंगेची टोकं एकमेकांना भिडली तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंतच, खरवडून निघतो. म्हणजे ताकदीबरोबर ही वाफ येणारच. पण रिंगाच झिजल्या असतील तर बाहेरून काहीही लावून उपयोग नाही. गळक्या छपराखाली बादली ठेवल्यासारखं ते. आपल्याकडे हा धोका जास्त, कारण काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठासारखी बारीक असते आणि ढिल्या एअर फिल्टरमधून ती सरळ रिंगांपर्यंत जाते.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा, गेज लावला. चारही सिलिंडरवर काटा जवळपास एकाच जागी थांबला. रिंगा शाबूत होत्या. दोष वाटेत होता.

[दृश्य: ट्रॅक्टर नाल्याच्या पाण्यातून जाताना.]

ही वाट कशी तयार झाली ते थोडक्यात सांगतो. पूर्वी सगळ्याच गाड्यांना या ट्रॅक्टरसारखी उघडी नळी होती. गाडी पळाली की खालच्या वाऱ्यानं वाफ ओढली जायची आणि रस्त्यावर पडायची. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे खोल पाण्यातून न्यायची वेळ आली तेव्हा हीच नळी अडचणीची ठरली, कारण तिच्यातून पाणी आत शिरणार. म्हणून वाफ बाहेर न सोडता इंजिनालाच परत पाजायची बंद पद्धत वापरात आली. पुढे लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून ती नव्या गाड्यांत बसू लागली. आज ही वाट सांभाळणाऱ्या झडपेला आपण पीसीव्ही म्हणतो. आत एक स्प्रिंग आणि एक दांडा. आयडलला मॅनिफोल्डची ओढ जोरात असते तेव्हा दांडा वाट अरुंद करतो, ॲक्सिलरेटर दाबला की मोकळी करतो.

टर्बोच्या गाडीत एक पेच वाढतो. टर्बो चालू झाला की मॅनिफोल्डमध्ये ओढ राहत नाही, उलटा दाब येतो. म्हणून दोन वाटा लागतात. आयडलला आणि साध्या चालीला वाफ मॅनिफोल्डमध्ये जाते. टर्बो भरला की तिथली एकतर्फी झडप बंद होते आणि वाफ दुसऱ्या नळीनं टर्बोच्या तोंडाशी जाते. शहरातल्या गॅरेजनं पहिली वाट बुजवली होती. दुसरी तर त्यांनी काढूनच टाकली.

[दृश्य: टॅपेट कव्हर उलटं ठेवलेलं. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकावर काळा गाळ.]

आणि हे बघा. टॅपेट कव्हरच्या आत एक पातळ पत्रा असतो, उडणारं तेल नळीत जाऊ नये म्हणून. त्याच्या मागे हा गाळ साचला होता. गुळाच्या पाकाला तार यावी तसा ओढला की लांबतो. जिथून वाफ जायची ते भोक करंगळीएवढं असायला हवं, उरलं होतं तुरीच्या दाण्याएवढं. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवलं, लाकडी काडीनं कोरलं. लोखंडी पान्यानं नाही, ॲल्युमिनियम ओरखडतं.

मग नळ्या. मूळची नळी आतून 13 मिलिमीटर होती, मिस्त्रींनी 19 ची घेतली. सहाच मिलिमीटरचा फरक, पण आतली जागा दुपटीहून जास्त होते. शेतात पाईपलाईन टाकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रबर मात्र तेल सोसणारं हवं. रेडिएटरचा पाईप दिसायला तसाच असतो, किंमतही कमी, पण तेलाच्या वाफेनं तो फुगतो, मऊ पडतो आणि ओढ लागली की आतल्या आत चिकटतो. बाहेरून कळतही नाही.

[दृश्य: लेथ. ॲल्युमिनियमचा पाईप फिरतोय, चांदीसारखा भुगा निघतोय. जवळून.]

आता डबा. कॅच कॅन म्हणतात त्याला. वाफेतलं तेल आणि पाणी गाळून घ्यायचं आणि उरलेली हवा इंजिनाला परत द्यायची, एवढंच त्याचं काम. बाजारात चकचकीत डबे मिळतात. त्यातले काही आतून रिकामे असतात. वाफ एका तोंडानं येते, दुसऱ्यानं जाते, तेल तिच्याबरोबरच जातं. मिस्त्रींनी तसा एक डबा हातात घेऊन हलवून पाहिला आणि बाजूला ठेवला.

त्यांनी मळणीयंत्राकडे बोट दाखवलं. "दाना जड, खाली पडते. भुसा हलका, उडून जाते. याच्यात तेल म्हनजे दाना."

म्हणून येणारी नळी डब्याच्या मधोमध नाही, कडेला तिरपी जोडली आहे. वाफ आत शिरताच भिंतीला घासत गोल फिरते, तेल भिंतीवर चिकटून खाली ओघळतं. वर जाताना तिला स्टेनलेसचा छिद्रांचा पत्रा आणि घट्ट विणलेली जाळी लागते. राहिलेले बारीक थेंब तिथे एकमेकांना मिळून जड होतात. निघणारी नळी अगदी वर. खाली काढायचा नळ. बाजूला पातळी दिसावी म्हणून पारदर्शक नळी, आणि शर्यतीच्या नियमांत बऱ्याचदा तशी ती लागतेही. जाळीबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. भांडी घासायची तारेची घासणी यात कोंबायची नाही. तिची तार तुटते. ती तार टर्बोच्या पंख्यात गेली, आणि तो पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तर टर्बो संपला.

आर्गॉन वेल्डिंगला अमरावतीच्या दोन फेऱ्या झाल्या.

[दृश्य: डबा बसवताना. हेडलाईटच्या मागची जागा, मिस्त्रींचे हात, होज क्लिप आवळताना.]

डबा सायलेन्सरच्या बाजूला नाही, हेडलाईटच्या मागे वाऱ्यात बसवला. थंड भिंतीवरच वाफेचं पाणी होतं. मे महिन्यात बोनेटखाली थंड असं काहीच नसतं, तरीही वाऱ्याची जागा आणि बिनवाऱ्याची जागा यात फरक पडतोच. नळ्यांना कुठेही झोळ ठेवला नाही. झोळ पडला की तिथे तेल साचतं आणि वाटेत बांध घातल्यासारखं होतं. मॅनिफोल्डच्या वाटेला नवी एकतर्फी झडप. मिस्त्री तिच्यात तोंडानं फुंकून दोन्हीकडून पाहतात, मगच लावतात. उलटी लागली तर टर्बोचा सगळा दाब चेंबरमध्ये.

डब्यातून निघालेली नळी परत टर्बोच्या तोंडाला जोडली, लाल फिल्टर काढून टाकला. माझ्या मते या कामाचा कणा हाच आहे. वाफ उघड्यावर सोडणं सोपं असतं, आणि इंटरनेटवरचे निम्मे व्हिडिओ तेच शिकवतात. पण त्या वाफेत न जळलेलं पेट्रोल आहे, तेल आहे, आम्ल आहे. ती गाडीत बसलेल्यांच्या नाकात जाते आणि वाटेतल्या गावांच्याही. शिवाय गाडीचा कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजून पेट्रोल देतो, मधेच कुठे उघडं तोंड ठेवलं की त्याचा हिशेब चुकतो. वाफ गाळून परत दिली तर इंजिनही खूश, हवाही स्वच्छ. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलनं धुतली जात नाही. तेल तिथे गेलं की भाजून काजळी होतं. आणि तेल जळायला आलं की इंजिन ठोकतं, कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो, ताकद उतरते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हवा आधीच तापलेली असते, त्यात ही भर कशाला?

[दृश्य: गाडीच्या आत. लाकडी फळीवर इंग्रजी यू च्या आकारात बसवलेली पारदर्शक नळी, आत निळं पाणी, बाजूला मेजर टेप.]

ही गवंड्याची लेव्हलची नळी. शेजारी घराचं काम चालू आहे, तिथून दोन दिवसांसाठी मागून आणली. पाण्यात कपड्याची नीळ टाकली आहे. जुन्या ऑइल कॅपला भोक पाडून निपल बसवला आणि नळीचं एक टोक तिथे जोडलं. दुसरं मोकळं. चेंबरमध्ये दाब झाला की पाणी मोकळ्या बाजूला ढकललं जातं, ओढ असली की इंजिनाकडे येतं. नळी लांब ठेवली, पाणी इंजिनात ओढलं जाऊ नये म्हणून.

काम करण्याआधी चिखलदऱ्याच्या याच चढावर हीच नळी लावून आम्ही गेलो होतो. ते हे दृश्य. तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण, वेग चाळीसच्या आसपास. वेग बघायचाच नव्हता, लोड बघायचा होता. नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात वीतभर फरक पडला. वीतभर म्हणजे साधारण दोन किलोपास्कल. ऐकायला काहीच नाही, पण क्रँकच्या टोकाशी तेल अडवणाऱ्या सीलचा रबरी ओठ एवढ्यासाठी केलेलाच नसतो. पट्टी उचलली गेली ती यामुळेच.

[दृश्य: तोच घाट, तोच वळणाचा दगड, कामानंतर.]

आणि हे आत्ताचं. आयडलला पाणी इंजिनाकडे ओढलेलं. चढ लागला... टर्बो भरला... झडप बंद झाली, पाणी परत आलं... आणि इथे थांबलं. दोन बोटं.

दोन्ही दृश्यं शेजारी शेजारी ठेवली आहेत. बघून घ्या.

[दृश्य: काही सेकंद फक्त इंजिनाचा आवाज आणि निळं पाणी.]

रस्त्यावरच्या गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि वॉरंटी, विमा यांचेही प्रश्न आहेत. ते आधी विचारून घ्या.

[दृश्य: चिखलदरा. धुकं, दरीची कड. डब्याचा नळ उघडताना.]

चिखलदरा, सुमारे 1100 मीटर. खाली घाम फुटत होता, इथे बोनेटवर दव. डब्याचा नळ उघडून खाली काचेची बरणी धरली. जे आलं ते हे. काळं नाही, दुधाळ तपकिरी, जास्त दूध घातलेल्या चहासारखं. यात तेलाहून पाणी जास्त आहे, आणि वास पेट्रोलचा. थंडीत आणि पावसाळ्यात ते आणखी जास्त येतं, म्हणून तेव्हा डबा लवकर लवकर रिकामा करावा लागतो. हे परत इंजिनात ओतायचं नाही. बांधावर किंवा नाल्यातही ओतायचं नाही. गावाकडे जळकं ऑइल उधईसाठी लाकडाला फासतात, पण यात पाणी असल्यामुळे ते त्यालाही धड कामाचं नाही. शेडच्या कोपऱ्यात जुन्या ऑइलचा ड्रम आहे, त्यातच जाईल.

[दृश्य: मिस्त्री बरणी उजेडात धरतात. बोट बुडवून दोन बोटांत चोळतात.]

"हे समदं आंदी टर्बोत जात होतं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "नाईतर तुमच्या नाकात."

टॅपेट कव्हरची कड त्यांनी कोरड्या फडक्यानं पुसली आणि फडकं आम्हाला दाखवलं. कोरडं. पट्टी जागच्या जागी. एक क्लिप अर्धा फेरा आणखी आवळली.

[दृश्य: परतीचा रस्ता, मग शेड. संध्याकाळ.]

शेडमध्ये आल्यावर मिस्त्रींनी नळीतलं निळं पाणी ओतून टाकलं, नळी दोनदा साध्या पाण्यानं धुतली, गुंडाळून खिळ्याला अडकवली. सकाळी गवंडी न्यायला येणार होता. स्लॅबची लेव्हल काढायची होती.