हुकूम स्विचचा, भार रिलेचा

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय ‘जुन्या गाडीच्या हेडलाइट आणि इंडिकेटर स्विचचं वायरिंग’. त्यातलं मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच, की दिवे मंद झाले म्हणून मूळ स्विच उपटून फेकू नका. त्याच्यावरचा भार उतरवून रिलेवर टाका, म्हणजे थोड्याशा करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणाऱ्या वेगळ्या स्विचवर.

आधी स्विचची बाजू मांडतो, कारण ती कोणीच घेत नाही. 1950-60च्या दशकातली गाडी डोळ्यांपुढे आणा. डॅशबोर्डवर ओढायचं नाहीतर फिरवायचं बटण. आत पितळेची पट्टी, एक स्प्रिंग, दोन-तीन कॉन्टॅक्ट. डिपर, म्हणजे अप्पर-डिप बदलणारा स्विच, कित्येक गाड्यांत पायाशी, क्लचच्या डावीकडे. म्हणजे हेडलाइटचा अख्खा करंट बॅटरीकडून निघून डॅशबोर्डपर्यंत येणार, स्विचमधून जाणार, पायाशी उतरणार आणि तिथून उलटा पुढे दिव्यांकडे धावणार. वाटेत किती सांधे लागतात, ते कधीतरी मोजा.

आता साधा हिशोब करू. 60 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर 10 अँपिअर घेतात. एखाद्या कॉन्टॅक्टवर कळंक चढला आणि तिथे 0.1 ओहमचा अडथळा तयार झाला, की तेवढ्या एका जागी 1 व्होल्ट गळतो. शिवाय नखाएवढ्या त्या जागेत 10 वॅटची धग सतत पेटलेली राहते. स्प्रिंगचा ताण जातो, पकड ढिली होते, अडथळा वाढतो, धग आणखी वाढते. आणि फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, फार झपाट्याने पडतो. दिव्यापाशी व्होल्टेज 10 टक्के कमी पोचलं तर उजेड जवळपास 30 टक्के घटतो. मालकाला वाटतं बल्ब म्हातारे झाले. मग तो 100 वॅटचे बल्ब बसवतो. आधीच दमलेल्या स्विचमधून आता 10च्या जागी 16-17 अँपिअर जायला लागतात.

इथे मला एक गाडी आठवते, आणि ती थोडी सविस्तर सांगणार आहे. माझ्याकडे आलेली एक अमेरिकन गाडी. तक्रार अशी की रात्री चालताना दोन्ही हेडलाइट अचानक विझतात. पूर्ण अंधार. काही क्षणांनी आपोआप लागतात, पुन्हा विझतात. मालक इतका धास्तावला होता की दिवस मावळला की गाडी बाहेरच काढायचा नाही. आधीच्या गॅरेजने हेडलाइटचा स्विच बदलून दिला होता. फरक पडला नाही म्हणून दुसऱ्यांदा बदलला. तरी तेच. शेवटी सगळं हार्नेस, म्हणजे वायरींचं अख्खं जाळं, नवं टाकायचं ठरत होतं. मी त्याला एकच प्रश्न विचारला, बल्ब किती वॅटचे आहेत? मूळचे सील्ड बीम, म्हणजे काच आणि फिलामेंट एकसंध असलेले दिवे, काढून त्याने जास्त वॅटचे हॅलोजन घातले होते, आणि ते घातल्यानंतरच हा खेळ सुरू झाला होता.

इथे बसलेल्यांपैकी अमेरिकन गाड्या उघडलेल्यांना उत्तर कळलं असेल. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत हेडलाइटला फ्यूज नसतो. स्विचच्या पोटातच द्विधातूची पट्टी असलेला सर्किट ब्रेकर असतो. करंट जास्त झाला की पट्टी तापून वाकते आणि दिवे तोडते. थंड झाली की पुन्हा जोडते. फ्यूज उडाला असता तर चालकाला अंधारातच राहावं लागलं असतं. ब्रेकर मधूनमधून उजेड देत राहतो, म्हणजे निदान गाडी कडेला घेता येते. किती विचार करून केलेली रचना आहे ही! नवा स्विचही विझवत होता, कारण त्याने विझवायलाच हवं होतं. वायर जळू नये म्हणून राबणारी वस्तू दोनदा सदोष ठरवून फेकली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

ब्रिटिश गाड्यांत तेवढीही सोय नाही. दोन फ्यूजची छोटी पेटी असलेल्या कित्येक गाड्यांत हेडलाइटच्या वाटेत फ्यूजच नसतो. तिथे जास्त वॅटचे बल्ब घालणं म्हणजे इन्सुलेशनलाच फ्यूज करणं. आणि लुकास या ब्रिटिश कंपनीचा सी-40 डायनमो देणार साधारण 22 अँपिअर, तेही इंजिनाला वेग असेल तर. त्यातले 17 एकटे दिवेच खाणार.

आता माझं जुनं दुखणं, रंगांचं. लुकासच्या पद्धतीत तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली. हेडलाइटची निळी. डिपरनंतर अप्परची निळी-पांढरी आणि डिपची निळी-लाल. लाल वायर साइड लाइटची. डावा इंडिकेटर हिरवी-लाल, उजवा हिरवी-पांढरी. हे पाठ असेल तर डॅशबोर्डखाली आडवं पडून, हातात टॉर्च धरून, नकाशा न बघता वायर वाचता येते. आणि कोणीतरी येतो, हाताला लागलेल्या एकाच लाल वायरच्या गुंडाळीतून सगळं जोडतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि गाडी ‘ठीक’ करून देतो. पुढची पन्नास वर्षं जो कोणी त्या गाडीखाली शिरेल, त्याचा वेळ त्याने आजच खाऊन टाकलेला असतो. मला तुटलेली वायर चालते, गंजलेली चालते. ती निदान कुठून कुठे जाते ते सांगते. हा धागाच कोणी तोडू नये, एवढी माझी विनंती आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटं उरली. मुख्य भाग आता भराभर.

दोन रिले घ्या, एक अप्परला, एक डिपला. ब्रिटिश गाडीत रेडिएटरजवळ निळ्या-पांढऱ्या आणि निळ्या-लाल वायरींचे बुलेट कनेक्टर, म्हणजे दाबून बसवायचे गोल जोड, असतात. ते फक्त सोडवा, काहीही कापू नका. रिलेच्या टोकांवर आकडे छापलेले असतात. स्विचकडून येणारी वायर 86वर, 85 अर्थला. बॅटरीकडून 2.5 चौरस मिलिमीटरची जाड वायर 30वर, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. 87वरून दिव्यांकडे, दोन्ही बाजूंना वेगळा फ्यूज, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा राहील. प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थ वायर बॉडीपर्यंत. स्विचमधून आता रिलेच्या कॉइलपुरता करंट जाईल, पाव अँपिअरही नाही. उद्या मूळ रूपात गाडी हवी असेल तर कनेक्टर परत जोडले की झालं.

त्याआधी वाटेत किती व्होल्ट गळतात ते मोजा. दिवे लावून, मीटरचं एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसरं बल्बच्या होल्डरवर. अर्थच्या बाजूचंही तसंच. दिवे बंद ठेवून घेतलेलं मोजमाप काहीच सांगत नाही.

इंडिकेटर. दिवे लुकलुकवणारा जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो, त्याला बाजूच्या दोन 21 वॅट बल्बांचे 3.5 अँपिअर हवेत. कमी पडले तर लय बिघडते किंवा दिवा नुसता लागून राहतो. म्हणून स्टिअरिंगवरच्या दांडीला हात लावण्याआधी होल्डरचा अर्थ घासून साफ करा. एलईडी घातलेत तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागेलच. डॅशबोर्डवर डाव्या-उजव्या दोघांसाठी इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा एकच पायलट दिवा असेल तर तो विरुद्ध बाजूच्या फिलामेंटमधून अर्थ घेतो. तिथे एलईडी असले की चारही कोपरे एकदम लुकलुकतात. अमेरिकन गाडीत मागचं एकच फिलामेंट ब्रेकचं आणि इंडिकेटरचंही असेल, तर ब्रेकची वायर स्टिअरिंगच्या स्विचमधूनच मागे जाते. एकाच बाजूचा ब्रेक लाइट लागत नसेल आणि बल्ब, होल्डर धड असतील, तर संशय त्या स्विचवर घ्या.

टेबलावर दोन स्विच उघडून ठेवलेत, एक ब्रिटिश, एक अमेरिकन. जळका कॉन्टॅक्ट कसा दिसतो ते जवळ येऊन पाहा. स्प्रिंग मात्र काढू नका, ती उडाली की सापडत नाही.