फाईल बायकोची, रिपोर्ट त्याचा

सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचे सौदे चालू आहेत, हवेत पिवळी धूळ, हमालांच्या भुवया पण पिवळ्या. इथंच एका अडत दुकानात तो दिवाणजी आहे. चेहरा दाखवू नका म्हणाला, म्हणून फक्त हात दिसतायत, शेतकऱ्याची पट्टी लिहिणारे. सहा फूट उंच, दाढी तुरळक, बाकी बघून कुणाला काही वाटणार नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली. त्यातली चार तपासण्यांत गेली, सगळ्या बायकोच्या, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्सरे झाला, गोळ्या तर किती, फाईल विटेएवढी जाड. आणि त्याची वीर्यतपासणी, जी खरं तर पहिल्याच आठवड्यात व्हायला पाहिजे होती, ती शेवटी मिरजेत झाली. स्पर्म काउंटपुढं एकच शब्द, निल. लॅबवाल्याची चूक असंल म्हणून त्यानं परत सॅम्पल दिलं. परत निल.

मग डॉक्टरनी हातानं तपासलं, तर अंडकोष लहान आणि घट्ट. रक्तात एफएसएच, म्हणजे अंडकोषाला स्पर्म बनवायला लावणारं हार्मोन, वाढलेलं, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी. म्हणून कॅरिओटाइप केली, म्हणजे रक्तातल्या पेशी लॅबमध्ये दोन-तीन दिवस वाढवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं मोजायची. माणसाची 46 असतात, याची भरली 47. लिंग ठरवणारं एक्स गुणसूत्र एक जादा.

याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. हॅरी क्लाइनफेल्टर या अमेरिकन डॉक्टरनं 1942 मध्ये ही लक्षणं मांडली, जादा एक्स मात्र 1959 मध्ये सापडला. साधारण सहाशे-साडेसहाशे मुलग्यांमागं एकाला असतं, आणि बऱ्याच जणांना जन्मभर पत्ताच लागत नाही. आईच्या नाहीतर वडलांच्या बीजात गुणसूत्रांची वाटणी चुकते, बस, यात दोष कुणाचाच नाही. "मग मी पुरुषच ना?" हे त्यानं डॉक्टरना दबक्या आवाजात विचारलंच. हो, पुरुषच.

मित्र म्हणत होता टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घे, ताकद येईल. डॉक्टरनी हात जोडले, आत्ता नको, बाहेरून हार्मोन आलं की असलेनसलेले स्पर्म पण बनायचे थांबतात. आधी मायक्रो-टेसे करू, अंडकोष उघडून मायक्रोस्कोपखाली एकेक बारीक नळी धुंडाळायची. चाळीस-पन्नास टक्के लोकांत काहीतरी हाती लागतं, मग इक्सी, म्हणजे एकेक स्पर्म सुईनं थेट बायकोच्या बीजांडात सोडायचा.

"निम्मा चान्स," तो हसतो, "सौद्यात एवढा पण भरवसा नसतो."

आईला अजून सांगितलेलं नाही. तिनं परवाच सुनेला आणखी एक उपवास धरायला लावलाय.